मागं सरा!

मेलेल्या माणसाला काय हवंय, हे आप्पांना बरोबर कळायचं. जिवंत माणसाचं तेवढं कळायचं नाही, पण ते पुढं येईलच.

गावात त्यांना तोंडावर आप्पा म्हणत आणि पाठीमागं कावळेआप्पा. दौंडकडं, राहू गावाच्या पुढं, नदीच्या काठाला त्यांचं गाव. मी मूळची शिरूरची, जुन्या मिशनच्या आवारात वाढलेली, ख्रिस्ती. नव्वदीच्या सुरुवातीला माझी त्या गावच्या शाळेवर बदली झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या शिपायाची आई वारली. "दहाव्याला या बाई, नाहीतर गाव वर्षभर नावं ठेवील," असं हेडमास्तरांनी बजावलं म्हणून गेले. आमच्यात माणूस गेलं की गीतं म्हणतात, माती देतात आणि घरी येऊन चहा पितात. पुढचं सगळं देवबापावर सोपवलेलं असतं. इथं दहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता नदीवर पाचशे माणूस! मला वाटलं, चुकून यात्रेतच आले की काय.

शिपाई आणि त्याचे दोन भाऊ मुंडण करून बसले होते. गुरुजींनी भाताचे पिंड मांडले, त्यावर दही घातलं, शेजारी म्हातारीच्या आवडीचं शेंगदाण्याचं कालवण आणि भाकरी ठेवली. आता कावळ्यानं येऊन पिंडाला शिवायचं. शिवला तर जीव मोकळा झाला. नाही शिवला तर मेलेल्याचं काहीतरी राहिलंय, मग जवळच्यांनी एकेक गोष्ट कबूल करत जायची. बरोबर इच्छा सापडली की कावळा येतो. ती इच्छा शोधून काढणं हे आप्पांचं काम. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण त्यांच्याशिवाय घाटावरचं पान हलत नव्हतं.

उंच, काटक माणूस. डोक्याला लाल मुंडासं, भर उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची. आप्पांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. ती मोडून ऊस आला, पण आवाज मेंढरामागचाच राहिला. ते पिंडाजवळ उभे राहिले, हात जोडले आणि तिन्ही भावांकडं पाहत म्हणाले, "म्हातारीचा जीव म्हाताऱ्यात आडाकलाय. तुमी त्येला वाटून घ्यायला निघालाय, चार-चार म्हैनं. त्यो काय बैल हाय व्हय? येका जागी ठिवा." भाऊ खाली बघायला लागले. गर्दी पुढं सरकली. अशी सरकली, की मला काहीच दिसेना. शेवटी मधला भाऊ रडतरडत म्हणाला, "म्या ठिवतो. मरंस्तोवर ठिवतो." आप्पांनी हात वर केला आणि ओरडले, "मागं सरा!" गर्दी वीस पावलं मागं सरली आणि दोन मिनिटांत काठच्या कडुलिंबावरचा कावळा खाली उतरला. बायकांनी पदराला डोळे पुसले. मीसुद्धा पुसले. खोटं कशाला सांगू?

पण मी पडले मास्तरीण. कॉपी करणारं पोर कुठं बघतं यावर माझी नजर असायची. पाच-सहा दहावे झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की कावळा कबुलीनंतर येत नव्हता, "मागं सरा" नंतर येत होता. एकदा आप्पा शाळेच्या ओट्यावर टेकले असताना मी विषय काढलाच. ते जराही गडबडले नाहीत.

"बाई, म्या ल्हानपणी मेंढरामागं पार कोकणापतूर चाललोय. कावळा मेंढराच्या पाठीवर बसतो, पर माणसाच्या पायापाशी उतरत न्हाई. त्येला पळायला वाट पायजे."

"म्हणजे तुम्ही आधी लोकांना जवळ येऊ देता—"

"म्या कुटं येऊ देतो? लोकंच येत्यात, कुणाच्या घरातलं काय निगतंय त्ये ऐकाया. कबूल झालं की म्या मागं सरा म्हणतो, बास."

"आप्पा, ही फसवणूक झाली."

"कुणाची?" त्यांनी शांतपणे विचारलं. "कावळ्याची?"

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "आन् ध्यानात ठिवा, कावळा कवा येकटा खात न्हाई. आदी जोडीदाराला हाळी मारतो. येक दिसला तर दुसरा जवळ हाय म्हणून समजायचं." हे त्यांनी पाखरांबद्दल सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं, तिसरीच्या परिसर अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणून.

घाटावर माइक आला आणि आप्पांना पंख फुटले. त्या सुमारास आमच्या भागातल्या पुढाऱ्यांना एक शोध लागला होता. लग्नात भाषण केलं तर लोकांचं लक्ष जेवणाकडं असतं. दहाव्याला मात्र कावळा शिवल्याशिवाय कुणाला उठता येत नाही. असा श्रोता दुसरीकडं कुठं मिळायचा? मग काय, आधी महाराजांचं प्रवचन, त्यात आत्मा अमर आहे, मोह सोडा, पद सोडा. आणि ते ऐकायला पहिल्या रांगेत पदं न सोडणारी सगळी मंडळी. त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं. साखर कारखान्याचे, पंचायत समितीचे, आजी, माजी आणि होऊ घातलेले. निवडणुकीच्या वर्षात मेलेल्या माणसाला तर चार-चार पक्षांचा शोक मिळायचा. मयताचं नाव वक्त्याच्या कानात ऐनवेळी सांगावं लागे, आणि एकदा एका वक्त्यानं मयत समजून समोर बसलेल्या सख्ख्या भावालाच श्रद्धांजली वाहिली. तो भाऊ पुढं बारा वर्षं जगला.

आप्पांनी ही सगळी गर्दी कामाला लावली. खंडूमामा म्हणून एक म्हातारे वारले, त्यांच्या दहाव्याची गोष्ट. आदल्या दिवशी आप्पा शाळेकडं आले तेव्हा मी वैतागून बोलले होते, की पाचवीच्या पुढच्या मुली शाळा सोडतायत, कारण शाळेत संडास नाही. अर्ज करकरून माझी बोटं झिजली. आप्पांनी नुसतं "व्हय का?" म्हटलं. दुसऱ्या दिवशी घाटावर साहेब आले होते. साहेब म्हणजे तालुक्यातले सगळ्यात मोठे. त्यांच्याभोवती पंचवीस-तीस पांढरे सदरे, सगळे पिंडाला खेटून. कावळा कसला येतोय! मुलांनी कबूल केलं, सुनांनी केलं, कावळा लिंबावरच. आप्पांनी माइक घेतला. "मामा शाळंत गेलं न्हाई, पर नातीनं शिकावं म्हणून त्येंचा जीव तुटायचा. नात शाळा सोडून घरी बसलीया. का बसलीया, साहेब ईचारत न्हाईत, म्हणून मामा बी उठंनात." पाचशे माणसं साहेबांकडं बघायला लागली. साहेबांनी घाम पुसला आणि माइकवर शब्द दिला. "मागं सरा!" आप्पा गरजले, आणि पांढरे सदरे मागं सरले. तीन महिन्यांत मुलींचा संडास उभा राहिला. पत्र्यावर साहेबांचं नाव होतं. खंडूमामांचंही नव्हतं आणि कावळ्याचंही नव्हतं.

मी शिरूरला वडिलांना पत्र लिहिलं, संडास झाल्याचं कळवलं. कसा झाला, ते लिहिलं नाही. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, अशा गोष्टींना ते सरळ अंधश्रद्धा म्हणत. मीही म्हणायचे. पण त्या जूनमध्ये सहावीला अकरा मुली आल्या, आणि मला आप्पांशी भांडायला तोंड राहिलं नाही.

"तुमचा स्वतःचा विश्वास आहे का हो यावर?" मी एकदा विचारलं होतं.

"कशावर?"

"हेच. जीव अडकतो, कावळा येतो."

आप्पा माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी सूर्य उगवतो का म्हणून विचारलं. "बाई, म्या कावळ्याला वाट करून देतो. येनारा त्येच्या मनानं येतो. त्यो यायचाच नसंल तर म्या काय करनार?" कधीकधी कावळा आलाच नाही, तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे आणि विधी उरकायचे. आप्पांना त्याचा भारी तिटकारा. "गवताचा कावळा म्हंजी बदलीवरचा मास्तर," ते म्हणायचे. "हजेरीपुरता."

हे ऐकून सगळ्यात जास्त हसायची ती त्यांची बायको. सकूकाकू. माहेर कवठे येमाईचं, म्हणजे माझ्याच शिरूर तालुक्यातलं, त्यामुळं तिनं मला पहिल्याच दिवशी भाचीच करून टाकलं होतं. बुटकी, गोरी, तोंडात कायम मिश्री. बोलायची फार कमी, आणि त्याला कारण होतं. घरात बोलायला जागाच नव्हती. आप्पा घरीही बोलत. जेवताना बोलत, अंघोळ करताना मोरीतून बोलत, झोपेतसुद्धा कुणाला तरी मागं सारत. काकू त्यांच्यासमोर हरभरा निवडत बसायची आणि हं हं करायची. आपण काय म्हणालो, यावर काकूला काय वाटतं, हे आप्पांनी विचारलेलं मी दहा वर्षांत ऐकलं नाही. गावातल्या प्रत्येक मढ्याला काय हवंय ते विचारणारा माणूस, घरी आला की सांगायला लागायचा.

एकदा शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी काकूकडं चहाला गेले होते. आप्पा मागच्या दारी कुणाला तरी जोरजोरात समजावत होते. काकू सुपातलं धान्य पाखडत हळूच म्हणाली, "बाई, माजी येक इच्छा हाय. मी गेल्यावर माज्या दहाव्याला ह्येंनी गप बसावं. येक दिस. माइक न्हाई, काय न्हाई. निस्तं माज्यापाशी गप बसावं." मी इतकी हसले, की चहा साडीवर सांडला. काकूही हसली. मग तिनं आणखी काहीतरी सांगितलं, तेही मी हसण्यावारी नेलं. विनोद म्हणूनच डोक्यात ठेवून घरी आले.

दोन वर्षांनी काकू वारली. ताप आला, दौंडच्या दवाखान्यात नेली, चौथ्या दिवशी गेली. पटकन, कुणाला त्रास न देता, तिच्या स्वभावाला धरून.

दहाव्याला अख्खा तालुका लोटला. आप्पांची बायको म्हटल्यावर कोण मागं राहील? साहेब आले, साहेबांचे विरोधक आले. प्रवचन झालं, भाषणं झाली. सगळ्यांनी काकूंचं मार्गदर्शन आपल्याला कसं लाभलं ते सांगितलं. बिचारीनं आयुष्यात मांजराला मार्गदर्शन केलं नव्हतं. पिंड मांडले. लिंबावर पाच-सहा कावळे होते. थोरला मुलगा, धाकटा मुलगा, सुना, सगळ्यांनी कबूल करायचं ते केलं. गर्दी न सांगताच मागं सरली, एव्हाना गावाला रीत ठाऊक झाली होती.

फक्त आप्पा सरले नाहीत. ते पिंडाशी उभे राहिले, हातात माइक घेऊन.

"सके, येमाईची ओटी भरायची तुजी ऱ्हायली, ती भरीन," ते म्हणाले. कावळे लिंबावर. "तंबाकू सोडीन." कावळे लिंबावर. "धाकट्याला वायलं घर बांधून दीन. तुज्या भैनीला न्हेमी बोलवीन. तुज्या नावानं पाण्याची टाकी बांधीन." साहेबांनी लगेच माइक मागून घेतला आणि काकूच्या नावानं सभामंडप जाहीर केला. आप्पांनी माइक परत घेतला. ऊन चढलं. आप्पा बोलतच होते. आवाज फाटायला लागला होता, पण हा माणूस थांबेना. लोक एकमेकांकडं बघायला लागले. ज्यानं सगळ्यांच्या घरातल्या मढ्यांची मनं ओळखली, त्याला स्वतःच्या बायकोचं मन सापडत नव्हतं. आणि तो एकेक वस्तू काढून समोर ठेवत होता, रुसलेल्या पोरापुढं खेळणी ठेवावीत तशी.

मला काकूचं बोलणं आठवलं. मला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. माणूस पिंडाजवळून हलल्याशिवाय कावळा उतरणार नाही, हे खुद्द त्यांनीच मला शिकवलं होतं. आणि त्यांनी गप बसावं, एवढीच काकूची इच्छा होती, हे तिनंच मला सांगितलं होतं. उठून दोन शब्द बोलायचा अवकाश होता. पण मी बाई माणूस, परक्या धर्माची, गावची मास्तरीण. पाचशे लोकांपुढं त्या माणसाला काय सांगू? की तुमची बायको म्हणाली, तोंड बंद ठेवा? मी पदर घट्ट धरून बसून राहिले. आजही त्या बसण्याची मला लाज वाटते.

दुपारचे बारा वाजून गेले. गुरुजी दबकत पुढं झाले आणि त्यांनी दर्भाचा कावळा केला. आप्पांनी माइक खाली ठेवला. गवताचा तो कावळा पिंडाला टेकला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

त्यानंतर आप्पा घाटावर जायचे, पण मागच्या बाजूला बसायचे. कुणी बोलावलं तरी पुढं होत नसत. "माजंच सुटंना, लोकांचं काय सोडवू?" साहेब लोकांना तर बरंच झालं. आता शब्द द्यावा लागत नव्हता, नुसती भाषणं करून जाता येत होतं. मधल्या सुट्टीत आप्पा शाळेच्या ओट्यावर येऊन बसत आणि दर वेळी तेच विचारत, "बाई, ती तुमच्यापाशी बोलायची. काय म्हणली हुती का?" मी म्हणायचे, "नाही हो आप्पा." एक वर्ष म्हटलं, दुसरं म्हटलं. मुलांना खोटं बोललात तर हातावर छडी बसेल म्हणून दम देणारी मी! दर रविवारी केडगावला उपासनेला जायचे आणि सोमवारी आप्पांना नाही म्हणायचे. एकदा वाटायचं सांगून टाकावं. मग वाटायचं, ऐकून हा माणूस मोडेल. तिला आपला कंटाळा आला होता, असंच त्याला वाटेल.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात आप्पा आले ते हातात चिठ्ठी घेऊन. कुणा महाराजांनी सांगितलं होतं, की काकूचा जीव अडकून तहानलेला फिरतोय, लांबच्या क्षेत्राला जाऊन तीन दिवसांचा विधी करा. आप्पा खंगले होते. मुंडाशाखाली तोंड एवढंएवढंसं झालेलं. "जाऊन येतो बाई," ते म्हणाले. "तिला पानी मिळत न्हाई म्हणत्यात. मला बी गिळवत न्हाई." तेव्हा मला कळलं, की आमच्या सगळ्यांत खरा श्रद्धाळू हाच होता. महाराज, साहेब, गुरुजी, सगळ्यांचं घाटावरचं काम घाटावर संपायचं. हा माणूस तीन वर्षं तहानलेल्या बायकोबरोबर घरात राहत होता.

मी सांगून टाकलं. काकूचं वाक्य जसंच्या तसं. आणि मी हसण्यावारी नेलेलं पुढचंही सांगितलं. काकू म्हणाली होती, "लगीन झाल्यावर आमी मेंढरं घिऊन चार म्हैनं भाईर असायचो. तवा ह्ये बोलत न्हवते. सांजच्याला मेंढरं बसली की ह्ये निस्तं शेजारी बसायचे, डोंगराकडं बघत. लई ब्येस वाटायचं. तसं येकदा बसावं."

शाळेची घंटा झाली, मुलं वर्गात गेली, माझा वर्ग कालवा करायला लागला. मग आप्पा उठले. "तीन वर्सं म्या तिला ईचारत हुतो," ते म्हणाले. "आन् तुमाला ठावं हुतं." त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. चिठ्ठी ओट्यावरच टाकून ते निघून गेले. मी वर्गात जाऊन फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला. पितृपंधरवड्यात नवरा असताना गेलेल्या बायकांची एक तिथी असते, गावात तिला आहेवनवमी म्हणतात. त्या दिवशी सकाळी या, एवढाच निरोप होता. गेले. आप्पांनी मळ्याच्या बांधावर केळीचं पान वाढून ठेवलं होतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, थोडा भात. लांब बोरीखाली घोंगडी अंथरली होती. त्यांनी मला हातानंच बसा म्हटलं. आम्ही बसलो. आप्पा समोर बघत होते, जिकडं डोंगर असायला हवा होता तिकडं. आमच्याकडं डोंगर नाही, ऊसच आहे. ते काही कबूल करत नव्हते, काही विचारत नव्हते. बोरीची सावली घोंगडीवरून सरकून माझ्या पायाशी आली, तेवढा वेळ हा माणूस गप्प बसला. मग उसातून एक कावळा आला, पानाशेजारी उतरला, मान तिरकी करून ओरडला आणि खायला लागला. आप्पा हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी मात्र सारखं वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

कावळा उडून गेल्यावर ते म्हणाले, "बाई, माज्या टायमाला तुमी यायचं."

"मी? अहो आप्पा, मी यातलं काही मानत नाही."

"म्हणून तर. मानणाऱ्याला कावळाच दिसतो. तुमाला माइक दिसतो."

मी हो म्हटलं. हे वचन पाळण्याची वेळ लवकर येणार नाही असं वाटलं होतं. पुढं मी निवृत्त होऊन शिरूरला परत आले, आणि पाचेक वर्षांनी एका सकाळी आप्पांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. बसल्या जागी गेले होते. कुणाशी बोलत असताना नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

दहाव्याला घाटावर मंडप होता. दोन कर्णे होते, खुर्च्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. साहेब आता पिकले होते, त्यांचा मुलगाही साहेब झाला होता. भाषणांवर भाषणं झाली. आप्पांनी आयुष्यभर ज्यांच्याकडून एकेक संडास, घाटाची एकेक पायरी ओढून काढली, ती माणसं आता न मागता देत सुटली होती. घाटाला आप्पांचं नाव, वेशीला आप्पांची कमान, आप्पांच्या नावानं व्याख्यानमाला. व्याख्यानमाला! पिंड कधीचे मांडून झाले होते. कावळे लिंबावर बसले होते आणि कर्णा ओरडला की एक फांदी वर जात होते. "आप्पांचं काय राहिलं असेल?" धाकटे साहेब गहिवरून विचारत होते आणि आणखी एक कमान जाहीर करत होते. थोरला मुलगा गर्दीत कुणाला तरी शोधत होता. मग त्याला मी दिसले. गुरुजी दर्भ निवडायला लागले होते.

मी उठले. गुडघे दुखतात माझे, बायकांच्या बाजूनं घाटाच्या पायऱ्या उतरायला वेळ लागला. निवेदकाला वाटलं मला श्रद्धांजली वाहायचीय. त्यानं कौतुकानं माइक दिला. समोर पाचशे माणसं, आणि मी तीच मास्तरीण, परक्या धर्माची. पण या वेळी बसून राहायचं नव्हतं.

"आप्पांनी जाताना एकच मागितलं होतं," मी म्हणाले. "सगळ्यांनी गप बसा. आणि मागं सरा."

मी माइकचं बटण बंद केलं. कर्णेवाल्याकडं जाऊन वायर काढायला लावली. आधी थोरला मुलगा मागं सरला, त्याच्यामागं सगळे. साहेबही सरले, धाकटे साहेबही. घाटावर इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी पायरीवर बसले आणि डोळे मिटले. आमच्यात प्रार्थना डोळे मिटूनच करतात. मी कसली प्रार्थना केली, हे आमच्या पाळकसाहेबांना आजतागायत सांगितलेलं नाही.

किती वेळ गेला ते कळलं नाही. शेजारच्या बाईनं माझ्या खांद्याला हात लावला. "उठा बाई. शिवला की. दोन आले हुते, बगितलं न्हाई का तुमी?"

कावळा एकटा कधी खात नाही, जोडीदाराला हाळी मारतो. हे आप्पांनीच मला सांगितलं होतं, मी ते वहीत लिहून घेतलं होतं, आणि दरवर्षी तिसरीला शिकवतही होते. तरी मी पायरीवर बसून हमसून हमसून रडले.